भिंतीसकट फोटो

जळकोटातल्या निम्म्या पुरुषांचे पासपोर्ट फोटो एकाच कोटात काढलेले आहेत. तो कोट तय्यबभाईंचा. बसस्टँडसमोरच्या ‘अर्शी फोटो स्टुडिओ’त तो कायम खुंटीला लटकलेला असतो, राखाडी रंगाचा, खिशापाशी उसवलेला. खिसा फोटोत येत नाही म्हणून उसवण तशीच ठेवलेली. मास्तर, कंडक्टर, सोसायटीचे चेअरमन, भरतीला निघालेली पोरं, सगळे त्यात शिरून घटकाभर साहेब झालेले. मी वकिलीची सनद घेतली तेव्हा स्वतःचा काळा कोट घालून फोटोला गेले, तर तय्यबभाई म्हणाले, "मॅडम, जळकोटात दुसरा कोट आला म्हनायचा!"

माझं नाव शिवगंगा. माहेर जळकोटचं, वकिली उदगीरला. मला राग लवकर येतो आणि तो गिळायची सवय मी लावून घेतलेली नाही. पण तय्यबभाईंवर रागवायचं म्हटलं की शब्द तोंडातच अडतात. उंच, किंचित वाकलेला, पन्नाशी उलटलेला माणूस. समोरच्याच्या चेहऱ्याकडे असा बघतो की आपण आपोआप हनुवटी वर घेतो. त्यांचे आजोबा लग्नकार्याला गॅसबत्त्या भाड्याने देत, वडिलांनी लायटिंगचा धंदा काढला आणि तय्यबभाईंनी कॅमेरा घेतला. म्हणजे तीन पिढ्या दुसऱ्यांच्या मांडवात उजेड पुरवणारं घर. स्टुडिओत पडद्यामागे बायकांचे फोटो त्यांच्या पत्नी वहिदाभाभी काढतात. स्टुडिओला जिचं नाव दिलं ती एकुलती एक लेक अर्शी नांदेडला विष्णुपुरीत इंजिनियरिंग शिकते.

फोटो पोटासाठी आणि बातम्या हौसेसाठी, अशी तय्यबभाईंची वाटणी होती. लातूरच्या एका दैनिकाचे ते तालुका प्रतिनिधी. त्या दैनिकाचं नाव मी घेत नाही. वेळ आली तेव्हा त्यांनी तय्यबभाईंना ओळख दिली नाही, आता मी त्यांना देत नाही. पगार वगैरे काही नसतो. गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळतं, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करायचा मान मिळतो, आणि कुठे काही झालं की लोक "तय्यबभाईला बोलवा" म्हणतात, तेवढीच काय ती कमाई.

त्यांची बातमी जळकोटात डोळे झाकून ओळखू यायची. वर दोन ओळींत काय झालं ते, आणि खाली उभी-आडवी पसरलेली नावं: यावेळी अमुक, तमुक, फलाणे यांच्यासह ग्रामस्थ मोठ्या संख्येने उपस्थित होते. शाळेचा हातपंप दुरुस्त झाला तरी उपस्थित, बालवाडीत खाऊ वाटला तरी उपस्थित. एकदा विहिरीत पडलेली म्हैस बाहेर काढल्याची बातमी त्यांनी दिली, तिच्यात गावातल्या झाडून सगळ्या मानकऱ्यांची नावं होती. म्हशीच्या मालकाचं तेवढं राहिलं. तो दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन भांडायला आला.

मी त्यांना चिडवायची. "तय्यबभाई, ही बातमी आहे की लग्नपत्रिका?"

"हसा मॅडम," ते म्हणायचे. "पर गरिबाचं नाव छापून कवा येतं? एक तर मेल्यावर, न्हाई तर पोलिसानं धरल्यावर. म्या मधीच एकदा छापून टाकतो. नाव छापलं की मानसाला वाटतं, हाव, मी बी हाय."

याच सवयीने त्यांचा घात केला. म्हणजे त्यांनी ती सवय एकदाच मोडली, आणि तेवढ्यावरच सगळे बोट ठेवून बसले.

तांबटवाडीचा तलाव जळकोटच्या पुढे डोंगरांच्या बेचक्यात आहे. मातीची जुनी भिंत, आणि भिंतीच्या अगदी पायथ्याला तांबटवाडी. तलावाचा चौकीदार व्यंकट रोजंदारीवर होता. त्याचं दोन एकर रान आणि रानातलं घर भिंतीच्या खालच्याच अंगाला. त्याच्या आणि केवळाबाईंच्या लग्नाचे फोटो तय्यबभाईंनीच काढलेले, तेव्हापासूनची ओळख. श्रावणात एका दुपारी व्यंकट स्टुडिओत आला आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत खुर्चीत गप्प बसून राहिला.

मग म्हणाला, "भाई, भिंत पाझरून राहिलीय. पानी गढूळ येऊन राहिलंय. बायांचे पाय रुततेत तितं."

"खात्याच्या साहेबाला सांगितलं न्हाई?"

"लई डाव सांगितलं. जुन्या भिंती पाझरत्यातच म्हनत्यात. तुमी एकदा येऊन बगा."

तय्यबभाई त्याच्या मागे गेले. तिथे एक पाटी आहे: प्रतिबंधित क्षेत्र, छायाचित्रणास सक्त मनाई. पुढे कोर्टात या पाटीवर फार मोठी भाषणं झाली, म्हणून सांगते, त्या दिवशी त्या पाटीवर व्यंकटचा टॉवेल वाळत होता आणि खाली शेळ्या अंग घासत होत्या. तय्यबभाईंनी मोबाइलवर पाझराचे फोटो काढले. भिंतीच्या पोटातून ओली धार उतरत होती आणि खालची पायवाट चिखल झाली होती. ते कळायला शिक्षण लागत नव्हतं.

निघताना व्यंकट त्यांच्या गळ्यातल्या मोठ्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "माझा बी एक काढा की. आधारवरचा फोटो बगून बायको म्हनती, कुन्या चोराचं कार्ड आनलाव." तय्यबभाईंनी त्याला भिंतीवर उभं केलं. मागे भरलेला तलाव, हातात काठी, ऊन नेमकं तोंडावर. फोटो झाला आणि व्यंकटचं हसू मावळलं. "पर भाई, बातमीत माझं नाव नका येऊ देऊ. पोटावर पाय येईल."

"न्हाई येनार. जबान दिली," तय्यबभाई म्हणाले.

बातमी पहिल्या पानावर आली, फोटोसकट. तांबटवाडीत लोकांनी एकेक अंक चारचौघांत वाचला. दुसऱ्या दिवशी तलाव ज्यांच्या ताब्यात होता त्या खात्याने पत्रक काढलं की बातमी खोडसाळ आहे, भिंत भक्कम आहे. त्यानंतर एक दिवस शांततेत गेला. आणि मग पोलिसांची गाडी स्टुडिओसमोर उभी राहिली. मोबाइल नेला, कॉम्प्युटर नेला, तय्यबभाईंना नेलं. गळ्यातलं ओळखपत्र काढायलाही वेळ दिला नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड मात्र तोवर वहिदाभाभींच्या पानदानात कातसुपारीखाली गेलेलं होतं. हे मला फार उशिरा कळलं, आणि वकील म्हणून सांगते, उशिरा कळलं हेच बरं झालं.

मी ठाण्यात पोचले तेव्हा गुन्हा दाखल झाला होता. शासकीय गुपिते कायदा. वाचून माझा विश्वास बसेना. हा कायदा इंग्रजांनी हेरांसाठी केला, एकोणीसशे तेवीस साली. तेव्हा इथे इंग्रजांचंही राज्य नव्हतं, निजामाचं होतं. शंभर वर्षांनी तो कायदा वाट शोधत शोधत जळकोटला आला, तो पासपोर्ट फोटो काढणाऱ्या माणसाच्या दारात. फिर्यादीत लिहिलं होतं की आरोपीने प्रतिबंधित क्षेत्रात शिरून धरणाच्या रचनेतले कच्चे दुवे देशविघातक शक्तींच्या हाती पडतील अशा रीतीने प्रसिद्ध केले, सबब राष्ट्रीय सुरक्षेला बाधा पोचली. ज्या तलावात तांबटवाडीच्या म्हशी डुंबतात, त्या तलावातून देशाची सुरक्षा वाहून चालली होती! आणि आरोपीचं नाव तय्यब नसतं तर ‘देशविघातक’ हा शब्द इतक्या सहज कागदावर उतरला असता का, हे मी तिथेच ठाण्याच्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही विषय भलतीकडे नेऊ नका." मी म्हटलं, "विषय तिकडेच निघालाय, मी फक्त बोट दाखवलं."

पण साहेब मूर्ख नव्हते. तय्यबभाईंसमोर त्यांनी जुने पेपर टाकले. त्यातल्या एका बातमीत खुद्द साहेब वृक्षारोपणाला उपस्थित होते.

"तुझी एक बातमी दाखव," ते म्हणाले, "जिच्यात उपस्थितांची नावं नाहीत. म्हैस काढली तरी नावं देतोस. मग याच बातमीत का नाहीत? कुणीतरी आत नेलं तुला. ते नाव सांग. तू साक्षीदार होशील, तो आरोपी होईल. तुझी पोरगी नांदेडला शिकते ना? तिच्या नोकरीच्या वेळेला पोलीस पडताळणी आमच्याकडेच येणार."

तय्यबभाई म्हणाले, "साहेब, त्या दिवशी म्या एकटाच उपस्थित व्हतो."

जामिनाचा पहिला अर्ज नाकारला गेला. सरकारी बाजू म्हणाली, बातमी धादांत खोटी आहे. आणि पुढच्याच वाक्याला म्हणाली, आरोपीने गुपित फोडलं आहे. मी उभी राहिले. म्हटलं, खोटी असेल तर ते गुपित कसं, आणि गुपित असेल तर ती खोटी कशी? काहीतरी एक ठरवा. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. त्या हसण्याने तय्यबभाई बाहेर आले नाहीत. ते महिन्याहून जास्त आत राहिले.

त्या दिवसांत दैनिकाने आतल्या पानावर एक चौकट छापली: सदर इसमाचा आमच्याशी कोणताही संबंध नाही. ज्याच्या हौसेवर त्यांनी वर्षानुवर्षं तालुक्याचं पान फुकटात भरलं, तो एका रात्रीत ‘सदर इसम’ झाला. मोबाइलवरच्या गटांत बातमीतल्या पाझराच्या फोटोखाली ‘गद्दार’ लिहून लोक एकमेकांना पाठवत राहिले. ज्यांची नावं तय्यबभाईंनी छापली होती तेच पाठवत होते, हे मी नीट लक्षात ठेवलं आहे. दोन लग्नांची कामं दुसऱ्या फोटोग्राफरकडे गेली. स्टुडिओ वहिदाभाभी उघडत, संध्याकाळी बंद करत. मी गेले की चहा करत. कोट खुंटीला तसाच. "लोगां दुकानसमोरून जातेत, वर बघत न्हाईत," एकदा त्या म्हणाल्या, आणि कपाकडे बघत राहिल्या. अर्शी नांदेडहून बसने येऊन बापाला तुरुंगात भेटून जायची. ती माझ्यासमोर कधी रडली नाही. "काकू, अब्बू नाव सांगणार नाहीत, तुम्ही विचारू पण नका," एवढंच म्हणायची.

आणि तलाव? तय्यबभाई आत गेले त्याच आठवड्यात तांबटवाडीला मुरुमाचे टिपर लागले. पाझराच्या जागेवर दगड, मुरुम टाकून रोलर फिरवला. जी भिंत भक्कम होती तिला एवढा मुरुम कशाला, असं कुणी विचारलं नाही. वाडी निर्धास्त झोपायला लागली. तारखेला मात्र वाडीतलं एक माणूस आलं नाही. मला त्यांचा राग आला, अजून येतो. भीती मला कळते. पण ज्याच्यामुळे झोप लागते त्याचं नाव निघताच मान खाली घालायची, हे मला पटत नाही.

दुसऱ्या अर्जावर जामीन झाला. अटी होत्या: दर आठवड्याला हजेरी, आणि लातूर जिल्हा सोडायचा नाही. जळकोटपासून नांदेड जिल्ह्याची हद्द अगदी जवळ. ती ओलांडून लेकीच्या कॉलेजला जाणंही आता गुन्हा झाला.

मग एक दिवस व्यंकट आणि केवळाबाई माझ्या उदगीरच्या ऑफिसात आले. त्याला मी पहिल्यांदाच बघत होते. गालफडं बसलेली, हातात टोपी. त्यानेच मला त्या दुपारची सगळी हकिकत सांगितली.

"मॅडम, माझं नाव घाला," तो म्हणाला. "मीच नेलो व्हतो आत. भाई माझ्यापायी भोगून राहिलेत. म्या भिंतीवर गस्त घालतो आन् मला वाटतं भिंतच माझ्याकडं बघून राहिलीय."

मी त्याला खरं ते सांगितलं. चौकीदारानेच आत नेलं हे पुढे आलं, तर चोरून घुसून हेरगिरी केली हा डोलारा बराचसा ढासळतो. पण मग व्यंकट दुसरा आरोपी होणार, काम तर जाणारच. तो म्हणाला, "कळतंय. घाला नाव." केवळाबाई त्याच्याकडे बघत होत्या, त्यांनी त्याला अडवलं नाही.

मी आनंदाने जळकोटला गेले. तय्यबभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "न्हाई."

"अहो, तो स्वतः म्हणतोय!"

"लाजून म्हनून राहिलाय, मॅडम. खुशीनं न्हाई. लाजंपोटी मानूस काय बी बोलतो, ते धरायचं नसतं. जबान मी दिलीय. तुमी माझे वकील हाव, त्याचे न्हाई."

तेव्हा मात्र मी रागावले. फाइल टेबलावर आपटली. "तुम्ही तुरुंगात सडल्यावर या जबानीचं लोणचं घालायचं का? अर्शीचा विचार करा, भाभींचा करा! एका बातमीत नाव नाही छापलं म्हणून एवढा हट्ट?" वहिदाभाभी पडद्याआडून बाहेर आल्या, माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसल्या. मी समजायचं ते समजले. वकिलाला अशिलाचं ऐकावं लागतं. व्यंकटला मी निरोप दिला की थांब.

तो थांबला. माघात एका सकाळी भिंतीवरच त्याच्या छातीत कळ आली. गाडी मिळून लातूरला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मातीला तय्यबभाई गेले, पण वेशीपाशीच उभे राहिले. जवळ गेलं तर लोकांच्या ध्यानात येईल, कुजबुज होईल, आणि ती साहेबांच्या कानावर जाईल. ज्या माणसासाठी महिनाभर तुरुंगात काढला त्याच्या मातीला मूठभर माती टाकता आली नाही. परत येऊन ते दोन दिवस जेवले नाहीत, असं भाभी सांगत होत्या. मी तारखेच्या कागदांवर सह्या घ्यायला गेले तेव्हा ते कॅमेऱ्याचं भिंग पुसत बसले होते.

तेवढ्यात केवळाबाई आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी आधार कार्ड काढलं. "भाई, ह्येच्यावरनं मोठा फोटो करून द्या. तेराव्याला ठेवायचाय. दुसरा फोटोच न्हाई. लग्नातले वाळवीनं खाल्ले."

तय्यबभाईंनी कार्ड हातात घेतलं, तो चोरासारखा फोटो पाहिला आणि परत दिलं. "उद्या या, वैनी."

त्या गेल्यावर भाभींनी पानदान आणून नवऱ्यासमोर ठेवलं. मी उठून दारात जाऊन उभी राहिले आणि बसस्टँडवरच्या गाड्या बघत राहिले. काही गोष्टी वकिलाने बघायच्या नसतात.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले. कामाचं निमित्त नव्हतं, जीव राहवत नव्हता. फ्रेम तयार होती. व्यंकट हसत होता, तोंडावर ऊन, हातातली काठी छातीपाशी दिसत होती. पण मागे तलाव नव्हता आणि पायाखाली भिंत नव्हती. तय्यबभाईंनी ते सगळं काढून निळं आभाळ लावलं होतं, जसं सगळ्या मेलेल्यांच्या मागे लावतात. खूप सफाईचं काम होतं. खात्याच्या कोणत्याही साहेबाने बघितलं असतं तरी कळलं नसतं.

केवळाबाईंनी फ्रेम मांडीवर घेतली. बराच वेळ बघितली. मग म्हणाल्या, "हा फोटो तलावावरचा हाय."

तय्यबभाई दचकले. "कशावरनं, वैनी?"

"हसून राहिलेत की. घरात कवा हसलेत हे? पोटाचं, रानाचं, पान्याचं, सदा कपाळाला आठ्या. भिंतीवर चढले की हसायचे. माझा तलाव म्हनायचे येड्यावानी." त्यांनी निळ्या आभाळावरून बोट फिरवलं. "भिंत कुटं गेली?"

"काढली."

"कामून?"

"पोलीस बघतील, वैनी. म्या त्याला जबान दिली व्हती, नाव येऊ देनार न्हाई म्हनून."

केवळाबाई एकदम उसळल्या. इतका वेळ दबून बोलणारी बाई. तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "जबान त्यायला दिली व्हती, मला न्हाई! आन् त्यायनी परत घ्या म्हनून सांगितलं तरी तुमी सोडलाव का? उदगीरला मिळंल त्या गाडीत बसून गेलो आमी, नाव घाला म्हनायला. साहेब ऐकत न्हाईत असं म्हनायचं, आन् तुमी तरी कुटं ऐकलाव? शेवटच्या रात्री मला म्हनले, केवळे, तय्यबभाईनं माझं नाव खाल्लं. चांगल्यासाठी खाल्लं, पर खाल्लंच."

तय्यबभाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला त्यांची दया आली, आणि केवळाबाई म्हणतात ते खरं आहे हेही त्याच क्षणी कळलं. त्यांनी जिवापाड जपलेली वस्तू ज्याची होती, तो ती परत मागत गेला होता.

"भिंत लावा परत," केवळाबाई म्हणाल्या. "आन् पेपरात श्रद्धांजली द्यायचीय, तितं बी हाच फोटो. खाली लिवा, बातमी काढली त्या दिवशी माझं मानूस तितं हजर व्हतं म्हनून. तुमच्या भाषेत काय म्हनतेत ते लिवा."

"वैनी, तुमाला सरकारकडून काय मिळायचं असंल ते अडवतील. पोलीस दारात येतील."

"येऊ द्या. तलाव बी दारातच हाय. त्याला कुनी अडवलंय?"

माझं वकिलीतलं डोकं लगेच चालायला लागलं. मेलेल्यावर खटला चालत नाही, पण जिवंत बाईच्या मागे चौकशीचा ससेमिरा लागू शकतो. ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं, दोनदा सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि फ्रेमची काच पदराने पुसत होत्या. माझं संपल्यावर तय्यबभाईंकडे वळून म्हणाल्या, "झालं का? आता लिवा."

तय्यबभाई अर्शीच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसले. त्यांनी आयुष्यभर हजारो नावं लिहिली असतील. वाढदिवसाची, उद्घाटनाची, म्हशीची. हे एक नाव लिहिताना मात्र त्यांची बोटं पुन्हा पुन्हा थांबत होती, आणि डोळ्यांतलं पाणी ते बाहीने पुसत होते. भाभी त्यांच्या पाठीशी उभ्या राहून अक्षरं बघत होत्या.

जाहिरात द्यायला मी आणि केवळाबाई लातूरला गेलो, त्याच दैनिकाच्या कार्यालयात. श्रद्धांजलीच्या जाहिराती संपादक वाचत नाहीत, खिडकीवरचा माणूस फक्त आकार विचारतो. ज्या भिंतीसाठी त्यांनी तय्यबभाईंना ‘सदर इसम’ केलं होतं, ती भिंत त्यांनी पुन्हा एकदा स्वतःच्या पेपरात छापली. पाझराची ओली रेघ फोटोच्या कडेला दिसत होती. चार दिवसांनी पोलीस तांबटवाडीला गेले. केवळाबाईंनी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं आणि भिंतीसकट पुन्हा करून घेतलेली फ्रेम दाखवली. जबाबात काय लिहायचं असं त्यांनी विचारलं, तर म्हणाल्या, जे पेपरात आलंय तेच लिवा.

खटला अजून चालू आहे. तय्यबभाई आठवड्याला हजेरी लावतात, अर्शी सुट्टीत येऊन जाते, कोटाला गिऱ्हाईक क्वचित मिळतं. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. माहीत असल्याचं मी वहिदाभाभींना खोटं सांगते. आत जाताना तय्यबभाईंचं सामान जमा झालं होतं, ते सोडवलं तेव्हा त्यात दैनिकाचं ओळखपत्रही निघालं. त्या ओळखपत्राच्या मागे त्यांनी ती श्रद्धांजली कापून घडी घालून ठेवली आहे. परवा त्यांनी ती मला काढून दाखवली आणि मी शेवटची ओळ पुन्हा वाचली: तांबटवाडी तलावाची भिंत पाझरत असल्याचे छायाचित्र घेण्यात आले, यावेळी तलावाचे चौकीदार व्यंकट हे उपस्थित होते.